लँटर्नची डावी नाल

सोनई,
सोमवार, २१ जुलै २०२५

प्रिय हनुमंता,

आज सकाळी सात ते साडेआठ मी बिभीषणच्या हॉटेलात कपबशा विसळल्या. बोटं अजून सुरकुतलेली आहेत, म्हणून अक्षर जरा वाकडं आलं तर समजून घे. आणि हे सगळं तुझ्यामुळे. "काळ्या घोड्याची चाल बरी दिसते" असं तूच लिहिलं होतंस. चाल बरी दिसली खरी, पण सगळ्यांच्या मागून. पुण्याच्या रेसकोर्सावर घोडे सात आणि आमचा काळा सातवा.

पुंजाराम जॉकीच्या टोपीचा रंग बघून घोडा धरतो, बिभीषण नंबर बघून, आणि सुनील गिरणीवाला नुसत्या नावावरून. रविवारी दुपारी सुनीलच्या मोबाईलवर आम्ही चौघं डोकी एकत्र करून शर्यत बघतो. तुझ्यासारखा घोड्यांचा नालबंद ज्याचा बालमित्र आहे असा मी एकटाच, आणि कपबशाही मीच विसळतो! पैसे लावायचे नाहीत, ज्याचा घोडा सर्वांत मागे त्याने सोमवारी बिभीषणकडे कपबशा विसळायच्या, हा नियम मीच केला होता. आता पश्चात्ताप होतो. आज एक जुना विद्यार्थी चहाला आला आणि मला मोरीपाशी बघून गडबडला. "सर, तुमी?" म्हणाला. मी म्हटलं, "बस. साखर कमी वाटली तर सांग."

फोन करू नकोस. कानयंत्रातून तुझा आवाज येत नाही, नुसती शिट्टी येते. पत्रच बरं. बुधवारी टाकलंस तर शनिवारी मिळतं.

एक आनंदाची गोष्ट. बिभीषणने हॉटेलच्या दारात नवा फळा लावला आहे. चहा-वड्याचे भाव लिहायचं काम माझ्याकडे. रिटायर झाल्यापासून तीन वर्षांनी हातात खडू आला बघ.

केशरबाईंचे गुडघे कसे आहेत? या वेळी नीट बघून कळव.

तुझा,
कल्याण


पुणे,
बुधवार, २३ जुलै २०२५

मित्र कल्याण मास्तर यास हनुमंताचा रामराम.

पत्र वाचून केशर इतकी हसली की गुडघ्याचं दुखणं विसरली. काळ्याची चाल बरी दिसते एवढंच मी लिहिलं होतं. पळतो असं लिहिलं नव्हतं. तू मास्तर असून नीट वाचत नाहीस.

तुला मी परत सांगतो. मी जॉकी नाही, ट्रेनर नाही. मला शर्यतीतलं काही कळत नाही. मला फक्त जुनी नाल कळते. माझा बाप सोनईत बैलांच्या पत्र्या ठोकायचा, तेव्हा पत्री काढली की आधी हातात घेऊन बघायचा, कुठल्या कडेला झिजली. बैल कुठला पाय वाचवतो ते तिथं कळतं. घोड्याचंही तेच. सरावाची लोखंडी नाल काढली की मी ती उजेडात धरतो. दोन्ही कडा सारख्या झिजल्या असतील तर जनावर चारही पायांवर सारखा भार देतंय. मग ते मनापासून पळतं. बाकी नशीब.

आमच्या पागेत एक तांबडी घोडी आहे. कॉपर लँटर्न तिचं नाव. सहा शर्यती पळाली आणि सहाही वेळा मागं राहिली. सगळे तिला नावं ठेवतात. पण तिची पुढची डावी नाल मी काढली तर बाहेरची कड कागदासारखी पातळ आणि आतली कोरी. ती पाय वाकडा टाकत होती, कारण आधी कुणी तरी खूर चुकीचा तासला होता. दोन महिने झाले, मी दर वेळी थोडा थोडा तासून सरळ करतोय. अजून पंधरा दिवस लागतील. तोवर तिला धरू नकोस.

आणि मास्तर, हे चौघांतच ठेव. पागेतलं बोलणं बाहेर गेलं की पागेत शिरायचा पास जातो. दोन वर्षांपूर्वी एकाचा गेला. पास गेला तर काम गेलं आणि ही खोलीही गेली. पत्र पुंजारामला वाचायला दे आणि बिभीषणच्या भट्टीत घाल.

तुझा,
हनुमंत


सोनई,
सोमवार, २८ जुलै २०२५

प्रिय हनुमंता,

पत्र वाचलं, पुंजारामला वाचायला दिलं, आणि त्याच्यासमोर भट्टीत घातलं. तुझ्या नावाला इथून धक्का लागणार नाही, निर्धास्त राहा.

तू मागून टाकलेलं कार्डही शनिवारीच मिळालं. "करड्या घोड्याचे पाय साफ आहेत" एवढीच ओळ. करडा पहिला आला! आज सुनीलने कपबशा विसळल्या आणि दोन फोडल्या. बिभीषण म्हणाला, "गिरणीवाल्याच्या हातात नाजूक वस्तू द्यायलाच नको हुती." पुंजाराम तर तुला आता देवमाणूस म्हणतो. तुझ्या लँटर्नला तो लालटेन म्हणतो आणि रोज विचारतो, "लालटेन कवा पेटायची?"

बिभीषणच्या हॉटेलात शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. शिर्डीहून शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्या आता मुद्दाम इथं थांबतात. माझ्या फळ्याचे लोक फोटो काढतात, खोटं वाटेल तुला. अडतीस वर्षं शाळेत फळ्यावर लिहिलं, कुणी फोटो काढला नाही. आपण दोघं शाळेत असताना रोजचा सुविचार मी लिहायचो, आठवतं? तू म्हणायचास, तुझा 'श' हत्तीच्या सोंडेसारखा वळतो. तो तसाच आहे अजून. भावांच्या खाली थोडी जागा उरते, तिथं काही ना काही लिहितो. रंगीत खडूही आणलेत.

केशरबाईंना सांग, पोळ्याला दोघांनी यायचंच. पुंजारामची बैलजोडी या वर्षी मिरवायची आहे आणि पत्र्या तूच ठोकायच्या, असा त्याचा हट्ट आहे.

तुझा,
कल्याण


पुणे,
बुधवार, ६ ऑगस्ट २०२५

मित्र कल्याण यास रामराम.

घाईत लिहितो. आज सकाळी लँटर्नची नाल काढली. उजेडात धरली. मास्तर, दोन्ही कडा सारख्या! मी ती नाल केशरला दाखवायला घरी आणली. तिला त्यातलं काय कळणार, पण तिनं हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, "आता सरळ चालती म्हना की."

घोडीचं वागणंही बदललंय. पूर्वी मी पाय उचलला की कान मागं टाकायची. आता स्वतः पाय देते आणि माझ्या पाठीवर नाक टेकवून उभी राहते. शर्टाला लाळ लागते, केशर ओरडते.

येत्या रविवारी, १० तारखेला, पाचव्या शर्यतीत ती आहे. तिला कुणीच मोजत नाही. शर्यतीसाठी हलकी ॲल्युमिनियमची नाल मी स्वतः ठोकणार आहे. पुंजारामला सांग, लालटेन पेटेल असं वाटतं.

तिची ही जुनी नाल पोळ्याला तुझ्यासाठी आणतो. दाराला लाव नाहीतर कागद उडू नयेत म्हणून ठेव.

पत्र भट्टीत.

हनुमंत


सोनई,
सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

हनुमंता, माझ्या गड्या!

काय पळाली! वळणापर्यंत मागेच होती. पुंजारामने तर डोळे मिटून घेतले होते. मग सुनील ओरडायला लागला. मला आवाज ऐकू येत नव्हता, पण त्याचं तोंड आणि मोबाईलमधली ती तांबडी रेघ, दोन्ही एकदमच मोठी होत गेली. दोन घोड्यांएवढं अंतर ठेवून जिंकली! बिभीषण उकळता चहा भट्टीवरच विसरला.

चौघांनीही तिलाच धरलं होतं, त्यामुळे हरलं कुणीच नाही. मग आज सकाळी चौघांनी मिळून कपबशा विसळल्या. मोरीपाशी इतकी गर्दी की गिऱ्हाइकांना वाटलं, पाणी आलं नाही.

एक अनोळखी माणूस सकाळी गाडी थांबवून पेढ्यांचा मोठा पुडा ठेवून गेला. माझ्या पाया पडला आणि काही तरी बोलला. मला ऐकू आलं नाही. पेढे चांगले होते.

तुझा आम्हा सगळ्यांना अभिमान वाटतो. आज तुझ्या वडिलांची आठवण आली.

तुझा,
कल्याण


पुणे,
बुधवार, १३ ऑगस्ट २०२५

कल्याण,

तुझं पेढ्यांचं पत्र आणि रेसकोर्सच्या साहेबांचा निरोप आज एकाच दिवशी आला.

रविवारी दुपारपर्यंत लँटर्नचा भाव एका रुपयाला वीस होता. शर्यतीच्या तोंडावर तो तीनवर आला. कुठून तरी तिच्यावर खूप लोकांनी पैसे लावले. सहा वेळा हरलेल्या घोडीवर एवढे पैसे का लागले, याची चौकशी चालू आहे. लगेच मला ऑफिसात बोलावलं.

त्यांच्याकडे मोबाईलवर एक फोटो आहे. तो म्हणे हजारो लोकांकडे गेलाय. काळा फळा. वर चहा, वडा, मिसळीचे भाव. खाली रंगीत खडूनं: "रविवार, पाचवी शर्यत. कॉपर लँटर्न. पाय आता सरळ पडतोय." साहेब म्हणाले, "ही पायाची गोष्ट पागेतल्या चार माणसांना माहीत. त्यात तू एक. हे अक्षर कुणाचं, ओळखतोस का?"

'शर्यती'तला 'श' मी बघितला. मी म्हणालो, "न्हाई साहेब."

पागेतल्या चौतीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोललो. सोमवारी, २५ तारखेला, परत बोलावलंय. तेव्हा पासचा निर्णय.

मला एवढंच सांग. ते तू लिहिलंस का?

हनुमंत


सोनई,
शनिवार, १६ ऑगस्ट २०२५

प्रिय हनुमंता,

तुझं पत्र वाचून काळजी वाटली. तू उगाच घाबरला आहेस असं मला वाटतं. फळा बिभीषणचा, हॉटेल रस्त्यावरचं. शनिवारी शंभर माणसं येतात-जातात. खडू तिथंच डबीत असतो, कुणीही लिहितं. पोरंसोरं चित्रंही काढतात. वळणदार अक्षर काय एकाच माणसाचं असतं? आमच्या पिढीत सगळ्यांना तसंच गिरवायला लावलं होतं.

सुनीलचं आणि पुंजारामचं बोलणं थोडं मोठ्यानं चालतं, त्यांना मी समज दिली आहे.

सगळं ठीक होईल. पोळ्याला येताय ना? पुंजारामने पत्र्या आणून ठेवल्या आहेत.

तुझा,
कल्याण


पुणे,
मंगळवार, १९ ऑगस्ट २०२५

कल्याण यास,

बरं. तू म्हणतोस तर तसं.

पोळ्याला येणं होणार नाही. पुंजारामला म्हणावं, दुसरा माणूस बघ.

हनुमंत


सोनई,
शुक्रवार, २२ ऑगस्ट २०२५, पोळा

हनुमंता,

तुझं दोन ओळींचं पत्र काल आलं. मी ते चार वेळा वाचलं. त्यात शिवी असती तर बरं वाटलं असतं.

ते मी लिहिलं. फळ्यावरची प्रत्येक ओळ मी लिहिली. करडा घोडाही मीच लिहिला होता.

कसं झालं ते सांगतो, म्हणजे निदान एक पत्र तरी खरं होईल. पुंजाराम शनिवारी शेतातून उशिरा येतो आणि आल्या आल्या मला विचारतो. मला ऐकू येत नाही म्हणून ओरडून विचारतो, आणि मी ओरडून सांगतो. सगळं हॉटेल ऐकतं. म्हणून जुलैत एका शनिवारी मी त्याच्यासाठी फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून ठेवलं. तुझं पत्र भट्टीत घातलं आणि तेच फळ्यावर लिहिलं! मास्तर म्हणवतो स्वतःला, आणि एवढंही डोक्यात आलं नाही. मग गाडीतून उतरलेली दोन माणसं ते वाचत उभी राहिली. पुढच्या शनिवारी आठ-दहा होती. दर्शनाहून परतताना लोक विचारायला लागले, "मास्तर, फळा लागला का?"

हनुमंता, मला फार बरं वाटलं रे. शाळेत पोरं फळा वाचायची कारण वाचावा लागायचा. ही माणसं आपणहून वाचत होती. रिटायर झाल्यावर तीन वर्षं मी लिहिलेलं कुणी वाचलं नव्हतं, तू सोडून. मी अक्षर मोठं केलं. रंगीत खडू आणले. तुला फोटोंचं कौतुकानं लिहिलं, पण काय लिहितो ते लपवलं, कारण तू रागावशील हे मला माहीत होतं. म्हणजे चूक आहे हे माहीत होतं. पेढे देणारा माणूस पाया पडला तेव्हा तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही, पण कळलं होतं.

आणि तू सरळ विचारलंस, तर १६ तारखेला मी तुझ्या तोंडावर दार लावलं. मला तुझी भीती वाटली नाही, लाज वाटली.

आज पुंजारामचे बैल पत्र्यांशिवायच मिरवले. दुसरा माणूस त्याने बघितला नाही. "हनुमंता आल्याबगर पाय धरू देनार न्हाई," म्हणाला. त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही.

हे पत्र स्पीड पोस्टाने टाकतो. सोमवारी पहाटेच्या एसटीने नगरला आणि तिथून पुण्याला येतो. मी त्यांना लिहून देणार आहे की तू मला काही सांगितलं नाहीस, सगळं मी अंदाजाने लिहिलं. तू मला ओळखत नाहीस असंच म्हण. निदान तुझा पास तरी राहू दे.

कल्याण


पुणे,
बुधवार, २७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थी

मित्र कल्याण यास रामराम.

परवा तू ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवर होतास, पण तुला काही ऐकू आलं नसणार. कानयंत्र खिशात घालून बसला होतास. बाहेर आल्यावर मी खांद्यावर हात ठेवला तर तू रडायलाच लागलास, मग काय सांगणार. आणि तुझी एसटी होती. म्हणून आत काय झालं ते लिहितो.

तू त्यांच्यापुढं कागद ठेवलास. त्यांनी तुला लिहून दाखवा म्हणून खूण केली. तू पेन घेऊन तीच ओळ लिहिलीस, भावांसकट. मला अशा वेळी हसू आलं. "चहा दहा रुपये" कुणी लिहायला सांगितलं होतं? त्यांनी फोटो शेजारी ठेवला. मोठे साहेब म्हणाले, "अक्षर यांचंच आहे. यांनी लिहून दिलंय की हनुमंत यांना मी ओळखत नाही, घोडीचं मी अंदाजाने लिहिलं. तू काय म्हणतोस?"

तू समोर भिंतीकडे बघत होतास. हात मांडीवर. शाळेत गुरुजींनी उभं केल्यावर बसायचास तसाच. मी एकदा खोटं बोललो होतो, तू दोनदा बोललास, आणि आता तिसऱ्यांदा लिहून दिलंस, तेही माझ्यासाठी. मला वाटलं, बास झालं. पन्नास वर्षांची ओळख आणि ओळखत नाही म्हणायचं? पासासाठी?

मी म्हणालो, "साहेब, हा माझा मित्र हाय. घोडीचं मीच त्याला पत्रात कळवलं. मागल्या वेळी अक्षर वळखत न्हाई म्हनलो, ते खोटं हुतं. पैशापायी न्हाई सांगितलं. हे लोक कपबशांवर शर्यत लावत्यात."

ते कपबशांचं त्यांना समजावून सांगायला वेळ लागला. एक साहेब खाली मान घालून हसत होते, ते तू बघितलं असशील.

मग त्यांनी विचारलं, घोडी जिंकणार हे तुला कसं कळलं? तुझ्यासाठी आणलेली ती जुनी नाल माझ्या पिशवीत होती. मी टेबलावर ठेवली आणि कडा दाखवल्या. म्हातारे साहेब ती कितीतरी वेळ उलटीपालटी करत होते. पण नियम तो नियम. पास हा हंगाम आणि पुढचा हंगाम बंद. खोली २० सप्टेंबरपर्यंत सोडायची. पुढं बघू, म्हणाले. त्यांनी चुकीचं केलं नाही. पागेतलं मी बाहेर लिहायलाच नको होतं. तू फळ्यावर लिहिलंस, पण तुला आधी मी लिहिलं.

राग आला होता, खोटं सांगत नाही. १६ तारखेच्या पत्राचा जास्त आला. पास जाण्याचं दुःख आहे, ते जाणार नाही इतक्यात. लँटर्नला शेवटचं भेटू देतील का विचारलं, तर नाही म्हणाले. ते मला लागलं.

पण तू आलास. पहाटेच्या एसटीने, बहिरा माणूस, हातात पत्ता लिहिलेली चिठ्ठी धरून. ते मी विसरणार नाही.

केशर म्हणते, गुडघ्यांना सोनईची हवा बरी. आम्ही १३ तारखेला येतो. घराची कौलं पुंजारामला बघून ठेवायला सांग. पोळा गेला तरी त्याच्या बैलांच्या पत्र्या ठोकतो.

तुझा,
हनुमंत


(बिभीषणच्या हॉटेलात, वड्याच्या कागदामागे लिहिलेली चिठ्ठी)
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

मास्तर,

शेजारी बसून चिठ्ठी लिहितो म्हणून हे तिघं हसतायत. हसू दे. तुला सांगायचं तर ओरडावं लागेल आणि आज ओरडायचं नाही.

मघाशी सुनीलच्या मोबाईलवर लँटर्न पळाली. पाचवी आली त्याचं काही नाही. तुम्ही सगळे नंबर बघत होता, मी पाय बघत होतो. वळणावर ती डावा पुढचा पाय वाचवते. नव्या नालबंदानं खूर परत जुन्या मापानं तासलाय. त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलं नाही. असंच चाललं तर महिन्याभरात पाय जाईल. पाय गेलेल्या घोडीला कोण ठेवतं?

मला काल केशरनं वही दिली. त्यात मी शर्यत संपल्यावर नव्या नालबंदासाठी सगळं लिहिलंय. किती तासायचं, कुठून, किती दिवसांनी, नालेची कुठली कड बघायची. पागेत मी जाऊ शकत नाही, पत्र जाऊ शकतं. उद्या पहाटे मी सामान आणायला पुण्याला निघतो, तेव्हा पोस्ट उघडलेलं नसेल, आणि तिथं सामानाच्या गडबडीत ते राहून जाईल. तू टाकशील का? नाव-पत्ता तूच लिही. लपवायचं काही नाही, पाठवणारा म्हणून माझं नाव घाल. तुझं अक्षर तर तिथं आता माझ्यापेक्षा जास्त ओळखतात.

पाकीट बाकावर ठेवलंय.

ह.


सोनई,
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

प्रिय हनुमंता,

तुला हे पुण्यात, सामान बांधताना मिळेल, म्हणून मुद्दाम आजच लिहितो. बिछाने ओले होतील असे टेम्पोत ठेवू नकोस. केशरबाईंसाठी सुनीलने गिरणीतली खुर्ची दुरुस्त करून आणली आहे. पुंजारामने कौलं शाकारली, आणि तुझ्या घरातला बल्ब लागतो की नाही ते दिवसातून तीनदा बघून येतो. त्याला मी सगळं सांगितलं. त्याने आपला चहा बशीत ओतला. मग म्हणाला, "मास्तर, तुमचं चुकलं," आणि मला अर्धा चहा दिला.

फळा मी पुसला. आता फक्त भाव आहेत. शनिवारी गाड्या थांबल्या, लोक वाचायला आले, भाव वाचून गेले. एकाने मला विचारलं, "खाली काही नाही का आज?" मी कानाला हात लावून दाखवला, ऐकू येत नाही म्हणून. या एका गोष्टीत बहिरेपण कामाला आलं.

काल कुणाचा घोडा मागे राहिला ते मी बघितलंच नाही. तरी आज कपबशा मी विसळल्या. 

त्यानंतर दहा वाजता पोस्टात गेलो. पत्ता मोठ्या अक्षरात लिहिला, पाठवणारा म्हणून तुझं नाव घातलं, तू सांगितलंस तसं. पाकीट तू उघडंच ठेवलं होतंस. आतल्या वहीच्या पानांची कड बाहेर दिसत होती. पोस्टातल्या बाकावर मी ते थोडा वेळ हातात धरून बसलो.

मग न वाचता चिकटवलं. पावती सोबत पाठवतो आहे.

तुझा,
कल्याण